सानमारूची मागची बाजू

बॉनेट उघडलं आणि आत मासा होता. प्लास्टिकचा. काळा, वीतभर लांब, इंजिनावरच्या झाकणाच्या साच्यातूनच वर आलेला, म्हणजे मागाहून कुणी चिकटवलाय असंही नाही, झाकणाबरोबरच ओतलेला. पोटाभोवती दोऱ्याचे वेढे होते, तेही प्लास्टिकचे, आणि शेवटची गाठसुद्धा ओतीव. आमच्या इमारतीच्या तळघरातल्या पांढऱ्याफटक दिव्यांखाली बाबा बॉनेटला हात लावून उभा होता. नव्या सानमारूचं बॉनेट धरावं लागत नाही, ते आपलं आपण वर थांबतं, तरी त्यानं धरलं होतं, आणि तो माझ्या तोंडाकडे बघत होता. आपण दिलेल्या भेटीचा कागद समोरचा फाडत असताना बघतात तसा. "सापडला ना?" तो म्हणाला. "प्रत्येक गाडीत आहे. जाहिरातीत एक अक्षर नाही. ज्याला सापडेल त्याला सापडेल. कल्पना कुणाची असेल, सांग?" कल्पना कुणाची ते दिसतच होतं. माझे कान तापले. राग आला की माझे आधी कान तापतात, मग बोटं आखडतात आणि मग मी बोलते. गेल्या वर्षापर्यंत सगळं बोटांवरच थांबायचं, या वर्षी पुढे जातं. "याचं तोंड मिटलेलं आहे," मी म्हटलं. "हो, ते होय," बाबा अगदी सहज म्हणाला, "उघडं तोंड साच्यात अडकत होतं."

साच्यात अडकत होतं! गाडी तळघराचा चढ चढून उजेडात आली, सोल शहराचे चौक मागे पडले, नदीवरचा पूल गेला, तरी ते वाक्य माझ्या दातात अडकलेलंच होतं. आमच्या डोंगरात नवी गाडी आणली की तिच्यासमोर ताट मांडतात, चाकांवर तांदळाची पांढरी दारू ओततात, आणि थंडीत बर्फावर सुकवलेला म्योंगते मासा पांढऱ्या दोऱ्यानं गुंडाळून गाडीत बांधतात. त्या माशाचे डोळे उघडे असतात आणि तोंड वासलेलं असतं, कारण त्याला काम असतं. त्या गाडीच्या वाट्याला जे वाईट यायचं असेल ते त्यानं आधी बघायचं आणि आधी गिळायचं. मिटलेल्या तोंडाचा मासा काय गिळणार? आणि एकच मासा, एकाच साच्यातला, सगळ्यांच्या गाडीत? आमच्या जुन्या सानमारूतला मासा आजीनं बांधला होता, काचेखालच्या कप्प्याच्या कडीला. त्या हिवाळ्यात अंगणात वाळत घातलेल्यांतला एक निवडून, हातात वजन घेऊन, नको, हा नको, करत. माझा जन्म व्हायच्या कितीतरी आधीची गोष्ट, पण मला आत्यानं इतक्यांदा सांगितलीय की आजीच्या ओल्या बोटांना चिकटलेला दोरा मला दिसतो. आता आजी नाही, आजोबा नाहीत, मासा लाकडासारखा झालाय, शेपूट झडलीय, तरी गाडी खड्ड्यात आदळली की तो कडीला आपटतो आणि एक कोरडा वास सुटतो, समुद्राचा आणि धुळीचा मिळून. प्लास्टिकच्या माशाला मी नाक लावून बघितलं होतं. नव्या चपलेचा वास होता.

बाबा गाणं गुणगुणत होता. कंपनीत गाड्यांची रूपं आखायचं काम त्याचं; सहा वर्षं त्यानं या गाडीवर घालवली, आणि आज ती पहिल्यांदा डोंगरात निघाली होती, आत्याकडे. कंपनीनं ठरवलं होतं, म्हणजे बाबानंच कंपनीला पटवलं होतं, की नवी सानमारू आत्याला द्यायची आणि तिची चाळीस वर्षांची जुनी सानमारू खाली आणून काचेच्या दालनात उभी करायची, नव्या गाडीच्या शेजारी, कायमची. उद्या सकाळी तिला न्यायला ट्रक येणार होता. फक्त आत्यानं हो म्हणायचं बाकी होतं. फोनवर ती इतकंच म्हणाली होती, "आण तर खरी, मग बघू." आणि त्या तळघरात, त्या मुक्या माशासमोर, मी ठरवून टाकलं होतं की आत्याला हो म्हणू द्यायचं नाही. एकदा ती गाडी काचेआड गेली की संपलं. मग लोक तिच्याभोवती फिरणार, फोटो काढणार, आणि बाहेर रस्त्यावर हे चिकणं सोंग तिचं नाव लावून फिरणार. मला हे थांबवायचं होतं. कसं ते माहीत नव्हतं, पण मला बोलता येतं हे मला आता माहीत होतं.

आणि चीड अशी की बोलता येतं हे मला या गाडीनंच शिकवलं होतं. जूनमध्ये आमच्या शाळेत वादसभा होती. विषय बाईंनी दिला होता: जुन्या डोंगरी गाड्या नव्यानं घडवताना त्यांच्या वारशाला धरून घडवाव्यात की नाहीत. वर्गातल्या पोरी हसल्या, हा काय विषय, गाड्यांचा. पण मी उभी राहिले, आयुष्यात पहिल्यांदा आपणहून, आणि बाबाची सगळी वाक्यं धडाधड बोलून टाकली. की कंपनीतल्या मोठ्या लोकांना सानमारू इतर सगळ्या गाड्यांसारखी गुळगुळीत करायची होती, साबणाच्या वापरलेल्या वडीसारखी. की एक माणूस तिच्या चौकोनी खांद्यांसाठी आणि गोल दिव्यांसाठी भांडत राहिला. की गाडीलाही चेहरा असतो आणि आपल्या आईचा चेहरा कुणी बदलून दिला तर चालेल का तुम्हाला? शेवटच्या वाक्याला टाळ्या पडल्या. समोरच्या बाजूची बोरा नावाची मुलगी काहीतरी म्हणाली होती, की वारसा म्हणजे नक्की कुणाच्या आठवणी, सगळ्यांच्या आठवणी सारख्या असतात का, आणि मी तिला असं काही उडवून लावलं की ती खालीच बसली. मी जिंकले. घरी येताना बसमध्ये काचेत माझा चेहरा बघितला तर तो वेगळाच दिसला, हनुवटी वर असलेला. त्या चेहऱ्यासाठी मी बाबाची ऋणी होते. आणि आता त्याच चेहऱ्यानं बॉनेटखाली बघितलं तर मासा प्लास्टिकचा!

महामार्गावरच्या थांब्यावर आम्ही लाल डाळीचे वाफाळते बन घेतले. बाबानं गाडी मुद्दाम कडेला, सगळ्यांना दिसेल अशी लावली होती. लगेच एक म्हातारे गृहस्थ आले, डोंगर चढायचे कपडे, काठी, टोपी. "ही नवी सानमारू का हो? आमच्याकडे होती पहिली. अगदी तीच! डोळे बघा, डोळे!" त्यांनी गोल दिव्यांवरून हात फिरवला, बायकोला हाक मारून समोर उभं केलं, फोटो काढला, मग तिनं त्यांचा काढला. बाबाचे डोळे ओले झाले होते. खरंच झाले होते, मी खोटं का सांगू. त्याला असं बघून माझा राग एकदम पातळ व्हायला लागला आणि त्याचाच मला जास्त राग आला. गरम बननं जीभ भाजली. "बाबा, मासा काढून टाक ना त्यातून," मी म्हटलं. "का गं? माणसं रडतात तो बघून. आमच्या चाचणीला आले होते त्यातले दोघं रडले." "मग तर काढच." त्यानं माझ्याकडे बघितलं, पण म्हाताऱ्यांनी पुन्हा हाक मारली, गाडीचा रंग कुठला म्हणायचा विचारायला, आणि तो गेला.

बोगदे सुरू झाले. प्रत्येक बोगद्यात काचेवर आमचे दोघांचे चेहरे येत होते आणि बाहेर पडलं की डोंगर. ही गाडी आतून किती गप्प आहे! जुनीत बोलायचं म्हणजे ओरडायचं. मी लहानपणी सुट्टीत आत्याकडे असायचे, आणि ती मला मांडीवर घेऊन गाडी हाकायची, शेतातल्या रस्त्यावर, माझे हात स्टिअरिंगच्या चाकावर, तिचे माझ्या हातांवर, रबरी हातमोज्यांतून गरम लागणारे. डिझेलचा वास, तिळाच्या पानांचा वास, तिच्या घामाचा. समोरच्या काचेतून मला फक्त आभाळ दिसायचं, मग गाडी चढावरून टेकडीच्या माथ्यावर यायची आणि एकाएकी सगळे कोबीचे उतार खाली पसरलेले, हिरव्या लोकरीसारखे. मला वाटायचं आपणच ते उघडलं. माझी सानमारू म्हणजे ती काच, ते आभाळ, उजवीकडे डुलणारा मासा. त्या आठवणीत मी कधी मागे वळूनच बघितलं नव्हतं. मांडीवर बसलेलं पोर कशाला मागे बघेल?

आत्या आम्हाला शेताच्या वरच्या रस्त्यावरच भेटली. कापणी चालू होती. बायका उतारावर ओळीनं पसरल्या होत्या, कोबी कापून, पानं झाडून, जाळीत भरत. आत्या चढून आली ती कंबरेला ती फोमची गोल बैठक बांधलेलीच, जी बसून काम करायला बांधतात आणि चालताना बदकाच्या शेपटीसारखी हलते. डोक्यावर मोठी टोपी, दंडांवर फुलाफुलांचे बाहीमोजे. तिनं गाडीकडे बघितलं, मग बाबाकडे.

"आली का नवरी? अगं बाई, हिला अंघोळ घालून आणलीस की काय!"

"ताई, आधी बस तरी आत."

"बसते रे. जेवलीस का गं सेबोम? काय वाळलीस, शहरात खायला घालत नाहीत का?"

ती बसली, कंबरेची बैठक न सोडता, त्यामुळे तिचं डोकं टोपीसकट छताला टेकलं, आणि ती तशीच चाक धरून हसत सुटली. मग बाबानं तिला एकेक बटण दाखवलं. बसायची जागा गरम होते, हे कळल्यावर तिनं पाठ मागे टेकली. थोडा वेळ डोळे मिटून बसली. "गुडघ्यांना बरं वाटतंय रे," ती म्हणाली, आणि मला धक्काच बसला, कारण हे असं व्हायचं नव्हतं, तिनं नाक मुरडायला हवं होतं. मी जाऊन बॉनेट उघडलं. "आत्या, हे बघ. हे बघ आधी." ती उतरली, वाकली, नखानं माशाला टकटक केलं आणि इतकी हसली की खालच्या उतारावरच्या बायका मान वर करून बघायला लागल्या. "हा काय, मुका मासा? ग्यूहो, याला दात दुखतोय का रे?" "ताई, आईची आठवण म्हणून…" "आईची? आईनं बघितला असता तर सूप करायला पाण्यात टाकला असता, आणि तीन दिवस शिजला नाही म्हणून तुलाच बोलली असती." बाबाही हसला, कानामागे खाजवत, धाकट्या भावासारखा. सगळे हसत होते. मी मात्र बोलायला लागले.

मी बरंच बोलले. वादसभेत बोलले होते त्याच्या दुप्पट, आणि उलट बाजूनं. की हा वारसा वगैरे काही नाही, हा मुखवटा आहे. की दिवे गोल केले, खांदे चौकोनी केले, मासा ओतला, आणि त्यातलं एकही खरं काम करत नाही. की आत्या, तू जुनी गाडी देऊ नकोस, काचेच्या खोलीत ती मरून जाईल, ती तुझी आहे, आपली आहे, ती या डोंगराची आहे, यांना काय हक्क आहे! माझा आवाज उतारावरून खाली जात होता आणि मला तो आवडत होता, हे मान्य करायला हवं. बाबा पांढरा पडला. जुनी सानमारू रस्त्याच्या कडेला उभी होती, चिखलानं माखलेली, एक दिवा दुसऱ्याच कुठल्या गाडीचा, आणि मी तिच्या बॉनेटवर हात ठेवून बोलत होते, जणू ती माझी साक्षीदार.

आत्यानं सगळं ऐकून घेतलं. मग तिनं टोपी काढली, डोकं खाजवलं. "काय गं बोलतेस! वकील होणार ही. बरं, मला एक सांग, तू कुठे बसायचीस या गाडीत?"

"पुढे. तुझ्या मांडीवर."

"आणि हा?" तिनं हनुवटीनं बाबाकडे दाखवलं.

"मला काय माहीत? आतच बसत असेल."

"आतच. आमच्या आई आणि बाबांच्या मध्ये, मांडीवर गोधडी. याचा घसा नाजूक, याला थंडी बाधायची, याच्या परीक्षा असायच्या. माशाच्या अगदी समोर." ती हे चिडून सांगत नव्हती, बियाणं कुठलं लावलं हे सांगावं तसं सांगत होती. "आत मागच्या बाजूला खतं, जाळ्या, जेवणाची भांडी. आणि आम्ही मागे. बाहेर."

"मागे म्हणजे?"

"मागे म्हणजे मागे. ये, दाखवते."

मी त्या गाडीच्या मागे हजार वेळा गेले असेन, जाळ्या ठेवायला, लपाछपी खेळायला. पण बघितलं नव्हतं. मागच्या दाराखाली एक लोखंडी फळी होती, जाडजूड, वेल्डिंग केलेली, पावलाएवढी रुंद, आणि तिच्यावरची खरबरीत नक्षी मधोमध झिजून गुळगुळीत झालेली. वर छताजवळ एक आडवी दांडी. तीही मधे बारीक झालेली, हातांनी. आत्या म्हणाली, आजोबांनी गाडी आणली त्याच आठवड्यात ही फळी लावून घेतली होती. ती तेव्हा पंधरा वर्षांची. शाळा संपवलेली, म्हणजे संपवून टाकलेली. ती आणि मजुरीच्या बायका या फळीवर उभ्या राहून वर यायच्या, खाली जायच्या. एप्रिलमध्ये बर्फ असताना लोकरीचे हातमोजे दांडीला चिकटायचे. "पण जागा मिळायची गं, चालायला तर लागायचं नाही," ती म्हणाली. बाबा मागून आला होता. "ताई, मी कधी म्हटलं नाही की तू बाहेर उभी राहा." "तू कशाला म्हणशील? तू झोपलेला असायचास, तोंड उघडं टाकून." आणि ती पुन्हा हसली आणि तिनं त्याच्या पाठीत एक धपाटा घातला.

मी हसले नाही. मी नव्या गाडीच्या मागे गेले. किती सुंदर होती ती मागून! दिव्याची एक बारीक लाल रेघ, चंदेरी अक्षरांत सानमारू, आणि खाली सगळं गोल, आत वळवलेलं, पाऊल ठेवलं तर घसरेल असं. मी पाऊल ठेवून बघितलं. घसरलं. म्हणजे सहा वर्षं! सहा वर्षं तो म्हणत होता जशीच्या तशी, जशीच्या तशी, आणि ती जशीच्या तशी होती, पुढून, आतून, मांडीवर गोधडी घेऊन बसलेल्या पोराला दिसली तशी. "बाबा, मागच्या बाजूचे फोटो होते तुझ्याकडे?" मी विचारलं. "मागून कुणी फोटो काढत नाही गं," तो म्हणाला. आणि मग, घाईघाईनं, "आणि हल्ली नियमातही बसत नाही तसलं काही. मागे लटकायला बंदी आहे." बरोबर होतं ते. सगळं बरोबर होतं, आणि माझ्या बोटांची मूठ झाली होती, आणि सगळ्यात वाईट म्हणजे मला आत्ताच बोराचं ते वाक्य आठवलं आणि मी तिला कशी खाली बसवली तेही.

तेवढ्यात खालून कामावरच्या बायका आल्या. हाऊ पुढे होती, ती व्हिएतनामहून हंगामाला येते, सलग चौथं वर्ष, आणि आत्याशी आमच्या डोंगरी बोलीत भांडते. तिच्यामागे आणखी तिघी, गुडघ्यापर्यंत रबरी बूट, बुटांवर लाल चिखलाचे थर. कोबीचा ट्रक भरून गेला होता आणि त्यांना खाली शेडपर्यंत जायचं होतं. त्या सवयीनं जुन्या गाडीच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या, दोघी फळीवर चढल्यासुद्धा. नियमात न बसणारं ते रोजच चाललेलं होतं. आत्यानं नव्या गाडीची चारही दारं उघडली. "उतरा गं. आज यात. बसा."

बायका बघत राहिल्या. आतलं कापड दुधाच्या सायीच्या रंगाचं होतं. मी बाबाकडे बघत होते. तो काही बोलला नाही, हे मी त्याच्या बाजूनं सांगते. पण त्याचा हात अर्धवट वर आला, दाराच्या दिशेनं, आणि तिथेच राहिला, आणि त्याची नजर बुटांवर गेली. हाऊनं ते टिपलं. ती रस्त्याच्या कडेला मटकन खाली बसली आणि बूट काढायला लागली. बाकीच्या तिघीही बसल्या.

"घाल ते," आत्या म्हणाली. तिचा हा आवाज मी कधी ऐकला नव्हता.

"मालकीणबाई, घाण होईल."

"घाल म्हणते ना. गाडी आहे ती, कुणाच्या घरात चाललीयस का?" मग ती बाबाकडे वळली आणि आवाज पुन्हा नेहमीचा झाला. "गाडी चांगली केलीस रे ग्यूहो. खरंच चांगली आहे. ठेवते मी. आणि जुनी घेऊन जा तू, उभी कर कुठे करायचीय तिथे, माझी काही ना नाही. खाली शेडपर्यंत मात्र तूच घेऊन ये. चालवायला येते ना?" आणि ती चार चिखलवाल्या बायकांना घेऊन निघून गेली, पुन्हा घातलेली टोपी छताला टेकून एका बाजूला झालेली, आणि हाऊ पुढच्या जागेवर दोन्ही हात मांडीवर घट्ट धरून बसलेली, परीक्षेला बसल्यासारखी.

म्हणजे झालं होतं. आत्यानं हो म्हटलं होतं, ट्रक उद्या येणार होता, आणि मी जिच्यासाठी एवढं घसा फाडून बोलले तिला माझ्या बोलण्याची गरजच नव्हती. आम्ही दोघं त्या रस्त्यावर उभे होतो, कापलेल्या कोबीचा कडवट ओला वास, आणि शेतात उरलेली बाहेरची पानं हळूहळू कोमेजत. बाबा जुनीत चढला. त्याला गिअर सापडेना. पंधराव्या वर्षी तो शिकायला शहरात गेला आणि ही गाडी त्यानं कधी चालवलीच नव्हती; तिची कमीत कमी हजार चित्रं काढली असतील. "ये, बस," त्यानं पुढचं दार आतून ढकललं.

"मी मागे उभी राहते."

"वेडी झालीस का? पडशील."

"आत्या पडली का?"

त्यानं दार ओढून घेतलं. मग म्हणाला, "घट्ट धर. हळू घेतो मी."

मागून ती दुसरीच गाडी असते. चेहरा नसतो तिला. समोर नाकाला टेकेल असा पत्रा, त्यावर गंजाचे फोड, आणि मागच्या काचेवर इतकी धूळ की आत काय आहे ते कळत नाही. इंजिन सुरू झालं तेव्हा काळा धूर माझ्या पायांतून वर आला आणि तोंडात डिझेलची चव आली. फळी पोटऱ्यांपर्यंत थरथरत होती. वळण येतंय हे समजत नाही, ते आल्यावरच समजतं, तेव्हा अंग एका बाजूला फेकलेलं असतं आणि दोन हातच काय ते आपले असतात. दांडी मधोमध जिथे बारीक झालीय तिथे बोटं आपोआप गेली. दुसऱ्या कुणाच्या तरी हाताची जागा होती ती आणि ती मला मोठी होत होती. मान वळवली तर रस्ता माझ्यापासून मागे मागे पळत होता, म्हणजे मला फक्त आपण कुठून आलो तेच दिसत होतं. उतार वाढला. बाबानं हळू घेतो म्हटलं होतं, सुरुवातीला घेतलंही, पण मग बहुधा त्याचा हात बसला, आणि गाडी सुटली. एक दगड चाकाखालून उडाला, पाय फळीवरून निसटला, पुन्हा सापडला. मी ओरडले. बाबा! हळू! माझा आवाज, उतारावर सगळ्यांना ऐकू जाणारा, टाळ्या घेणारा, तो तोंडातून निघायच्या आधीच इंजिनात गेला. मग मी एक हात सोडला आणि पत्र्यावर मारला. ठक ठक ठक. पुन्हा. तळहातानं, जीव खाऊन. गाडी हळू होईना. मला रडू येत होतं आणि मी मारत होते, आणि मला भीतीपेक्षा संताप जास्त होता, की आत माणूस बसलाय, माझा बाप आहे, हातभर अंतरावर, आणि एवढं बडवूनही त्याला कळत कसं नाही!

शेडपाशी गाडी थांबली. मी फळीवरून उतरले. आत्या दारातच होती, हातात रिकामी जाळी. बाबा पुढून उडी मारून उतरला आणि त्याचा चेहरा दहा वर्षांच्या मुलाचा झाला होता, लाल, चमकणारा.

"ऐकलंस? ताई, ऐकलंस का? अजून आहे तो!"

"काय?" आत्या म्हणाली.

"तिचा आवाज! उतारावर यायचा तो, आठवत नाही? ठक ठक ठक. आतून इतका छान यायचा. तो आला की आपले बाबा गाडी हळू करायचे, मला वाटायचं ती दमली म्हणून सांगतेय. नव्या गाडीत तो आवाज असावा म्हणून मी किती शोधला, ताई! दुसऱ्या जुन्या गाड्या आणून खोलल्या, प्रत्येक खिळा तपासला आम्ही. कुठल्याच गाडीत सापडला नाही. आणि आज बघ!" तो पुढच्या चाकाशी गुडघ्यांवर बसला, मग चिखलात चक्क आडवा झाला, गाल जमिनीला लावून आत बघायला लागला. "इथंच कुठेतरी सैल असणार काहीतरी."

आत्या सगळ्या गोष्टींना हसते. ती हसली नाही. तिनं जाळी खाली ठेवली, माझ्याकडे आली, माझा हात धरून उलटा केला आणि तळहात बघितला. तो कोपरापर्यंत झणझणत होता आणि लालभडक झाला होता. तिनं आपला अंगठा त्यावर एकदा फिरवला. त्या आवाजाबद्दल चाळीस वर्षं ती बोललीच नव्हती. चाकाजवळून बाबाचे बूट तेवढे दिसत होते.

"बाबा," मी म्हटलं, आणि या वेळी ओरडायची गरज नव्हती. "पुढे नको शोधूस. मागे ये."